उत्तरं जुळली हो जुळली!

मी प्रश्नावली बोलतेय. कसली, ते सांगितलं की तुम्ही आधी इकडेतिकडे बघाल, म्हणून एका दमात सांगून टाकते: बायकांच्या लघवीच्या तक्रारींची. बघितलंत ना इकडेतिकडे? कोणी ऐकत नाहीये. वाचा पुढे.

माझ्यात बावीस प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला पाच उत्तरं: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. बाईनं एकावर बोट ठेवायचं की झालं. मी एका टॅबमध्ये राहते. टॅबला जाड रबरी निळं कव्हर आहे, कारण तो आजवर चारदा पडला. त्यांपैकी दोनदा दवाखान्यातल्या मावशींच्या हातून. मावशी म्हणतात, तो आपोआप पडला.

माझा जन्म परक्या भाषेतला. तिकडे मला मोठा मान होता म्हणे. मग इथल्या एका दवाखान्यातल्या ताईंच्या मनात आलं की आपल्या बायकांनाही मी कळले पाहिजे. ताई म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. गुडघ्यापासून मानेपर्यंत सगळे सांधे त्या हलवतात, पण त्यांचा खरा जीव लघवीच्या तक्रारींवर. का, तर बायका त्यांच्याकडे यायच्या कंबरदुखीसाठी आणि अर्ध्या तासानं दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "आणि ताई, एक जरा वेगळंच होतं." ते वेगळंच कधी पूर्ण सांगून व्हायचं नाही. बाई सांगायला तोंड उघडायची आणि तेवढ्यात दार उघडायचं.

तर मला मराठीत आणायचं ठरलं. दोघांनी माझी दोन भाषांतरं केली. एक होते सरकारी कागद भाषांतरित करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी लिहिलं, "आपणांस मूत्रविसर्जनाची अनिवार्य व तातडीची प्रेरणा होते काय?" हा प्रश्न वाचून होईपर्यंत ज्याला प्रेरणा झाली असेल त्याचं काय होईल, याचा त्यांनी विचार केला नव्हता. दुसरी होती जाहिराती लिहिणारी मुलगी. तिला प्रश्नापाशी थांबणं जमेना. "लघवीसाठी धावत सुटावं लागतं का? घाबरू नका, आम्ही आहोत ना!" कोण आम्ही, कुठे आहोत, काही पत्ता नाही.

मग दोन्हींचं मिळून एक केलं आणि तिसऱ्याच कोणी मला परत परक्या भाषेत नेऊन बघितलं. माहेरच्यांनी ओळखलं तर पास, असा हिशेब. मग बैठक बसली. पाच शिकलेली माणसं टेबलाभोवती बसली आणि पहिला तासभर त्यांतल्या एकाच्याही तोंडून लघवी हा शब्द निघाला नाही. कोणी "तो प्रकार" म्हणे, कोणी "ती क्रिया", एक डॉक्टर तर नुसतीच करंगळी वर करत होते. मावशी चहाचे कप घेऊन आत आल्या होत्या. त्या थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, लघवी म्हणा की! दिवसातून सात वेळा करता, एकदा म्हणायला काय जातंय?"

त्या दिवशी माझं बारसं झालं असं मी समजते.

पुढे पाच-सहा बायकांना मला वाचून दाखवलं. त्यांनी उत्तर द्यायचं, आणि प्रश्नाचा काय अर्थ लागला तेही सांगायचं. एका आजींना ताईंनी विचारलं, "शिंकताना लघवी गळते का?"

"नाही," आजी म्हणाल्या.

"कधीच नाही?"

"मी शिंकतच नाही."

"शिंकत नाही म्हणजे? का बरं?"

"गळते म्हणून."

ताईंनी पेन खाली ठेवलं. आजी मोठ्या अभिमानानं सांगत होत्या की सहा वर्षं झाली, शिंक आली की त्या नाक दाबून धरतात आणि एकदा तर त्यापायी कानात दडा बसला होता. त्या एका आजींपायी माझा चौथा प्रश्न तीनदा बदलला. मला राग नाही. शहाणपण असंच बाहेरून येतं.

मग मी टॅबमध्ये राहायला गेले. तिथे पहिल्यांदा जन्मसाल निवडायला एक फिरतं चाक होतं. बोटानं वर वर ढकलत जायचं. एका बाईंनी ढकलत ढकलत बेचाळीस वर्षं मागे नेलं आणि म्हणाल्या, "बास, इथपर्यंतच ठेवा. हात दुखला." मग ते चाक काढून साधे आकडे ठेवले. नाहीतर आमच्या दवाखान्यात सगळ्या बेचाळिशीच्याच बायका झाल्या असत्या.

इतकं होऊनही मी अजून उमेदवारच होते. शेवटची कसोटी राहिली होती. एकाच बाईनं मला दोनदा भरायचं, मध्ये पंधरा दिवस सोडून. त्या पंधरा दिवसांत तिच्या त्रासात फरक पडला नसेल, तर दोन्ही वेळची उत्तरं साधारण जुळायला हवीत. वजनाच्या काट्यावर उभं राहिलं आणि त्यानं साठ दाखवले, खाली उतरून पुन्हा चढलं आणि ऐंशी दाखवले, तर तो काटा भंगारातच जायचा. तशीच मी. आणि ज्या बाईच्या त्रासातच फरक पडला असेल, तिची उत्तरं जुळणार नाहीत हे उघड आहे. म्हणून दुसऱ्या वेळी एक जादा प्रश्न ठेवला होता: "मागच्या वेळेपासून त्रासात काही फरक पडला आहे का?" हो म्हटलं की तिचा फॉर्म या जुळवाजुळवीतून बाजूला. इतकं सोपं होतं.

हे सगळं आकडेवाल्या काकांनी ताईंना समजावून सांगितलं. काका म्हणजे दवाखान्याचा आकडेमोडीचा माणूस. त्यांना माणसांशी बोलायला फारसं आवडत नाही, म्हणून ते दाराकडे पाठ करून बसतात. त्यामुळे दारात फाइल घेऊन आलेल्या मावशी त्यांना दिसल्या नाहीत. मावशींच्या कानावर पडलं ते एवढंच: "उत्तरं जुळली नाहीत, तर तुमची दीड वर्षाची मेहनत पाण्यात गेली म्हणून समजा."

फरक पडलेल्या बायकांविषयीचं बोलणं सुरू होईपर्यंत मावशी फाइल ठेवून निघूनही गेल्या होत्या. त्यांना पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. ताईंनी त्यांचा गुडघा बरा केला होता. आता ताईंची मेहनत पाण्यात जाणार, आणि आपण बघत बसायचं? छे.

पहिली फेरी सुरू झाली. नियम असा की बाईनं एकटीनं बसून मला भरायचं. ताईसुद्धा खोलीत थांबायच्या नाहीत, त्यांच्या तोंडाकडे बघून कोणी उत्तर देऊ नये म्हणून. बाहेर मावशी. बाई आत जायची, अठरा-वीस मिनिटं माझ्याशी झगडायची आणि बाहेर यायची. ती बाहेर आली की मावशी तिचा हात धरून कोपऱ्यात न्यायच्या.

"काय काय दाबलंत?"

"अहो, ते काय सांगायचं असतं का!"

"मला नका सांगू. लिहून ठेवा. ही घ्या चिठ्ठी, मागची बाजू कोरी आहे. पंधरा दिवसांनी अगदी हेच दाबायचं. एक इकडचं तिकडे झालं, तर ताईंची मेहनत पाण्यात."

पाचव्या बाईपर्यंत मेहनतीची नोकरी झाली. "ताईंची नोकरी जाईल." पंधराव्या बाईला मी स्वतः बाकावर कुजबुजताना ऐकलं की उत्तरं चुकली तर ताईंचं ठरलेलं लग्न मोडेल. ताईंना दोन मुलं आहेत, त्यातला मोठा दहावीत. पण असल्या बातमीपुढे मुलांची काय किंमत!

सदतिसाव्या होत्या शिलाईवाल्या वहिनी. बसथांब्यासमोर त्यांचं छोटंसं दुकान आहे. पायानं चालवायचं मशीन, एक पडदा लावलेली ट्रायलची जागा आणि बाहेर उभं राहायला दोन फरश्या, एवढाच पसारा. माझी आणि त्यांची पहिली भेट मला चांगली आठवते, कारण त्यांनी पहिल्या प्रश्नावर चार वेळा बोट ठेवलं आणि मला कळलंच नाही. सुईनं टोचून टोचून त्यांच्या बोटाचं टोक इतकं घट्ट झालं होतं की टॅबला ते बोटच वाटेना. शेवटी त्यांनी करंगळीजवळचं बोट वापरलं. ते मऊ होतं. त्यांची बहुतेक उत्तरं "क्वचित" आली. तेव्हा ते खरंच होतं.

पंधरा दिवसांनी दुसरी फेरी लागली आणि दवाखान्याचं परीक्षा केंद्र झालं. चिठ्ठ्या चष्म्याच्या डबीत होत्या, मोबाइलच्या कव्हरखाली होत्या, छत्रीच्या घडीत होत्या. एकीनं तळहातावर लिहून आणलं होतं आणि दारातच हात धुतला. तिला रडू कोसळलं. "डोकं दुखतंय, उद्या येते," म्हणून ती परत गेली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही तळहातांवर लिहून आली.

निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा थाट मात्र वेगळा. त्यांनी चिठ्ठी साफ नाकारली. "चाळीस वर्षं मी कॉपी पकडली. आता या वयात करणार नाही." आणि त्यांनी बावीस उत्तरं पाठ केली. बोळातून येरझारा घालत म्हणत होत्या, "एक क्वचित, दोन कधीच नाही, तीन बहुतेक वेळा..." बाकावरच्या दुसऱ्या बाईनं ते ऐकून मान डोलावली, तर बाई थांबून म्हणाल्या, "तुम्ही माझं पाठ करू नका. प्रत्येकीची लघवी स्वतंत्र असते."

मला गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटत होतं. बाई आत यायची, चिठ्ठी उघडायची, टकाटक दाबायची. कुठे अडखळणं नाही, कुठे कपाळाला आठी नाही. मला वाटलं, आता आपण उमेदवाराच्या कायम झालोच. आणि मग शिलाईवाल्या वहिनी आल्या.

त्या पंधरा दिवसांत त्यांना खोकला झाला होता. दहा दिवस खोकल्या. त्या खोकल्यानं त्यांचं "क्वचित" पार उडवून लावलं होतं. खोकला गेला तरी त्रास गेला नाही, उलट बसल्या जागेवरून उठलं तरी तेच. दुकानात त्या सकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या. आदल्या दिवशी एका गिऱ्हाईकबाईच्या कमरेचं माप घेता घेता त्यांना पळावं लागलं होतं, आणि ती बाई सात मिनिटं कमरेला टेप गुंडाळून दुकानाच्या मधोमध उभी होती. हे मला कसं कळलं? खोलीत एकट्या असल्या की बायका माझ्याशी बोलतात. वहिनी तर शिवताना मशीनशी बोलायच्या, त्यांना सवयच होती.

"काय सांगू बाई तुला," असं म्हणून त्यांनी चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं. नेहमी. अगदी खरं उत्तर. मग त्यांनी पर्स उघडली, चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ नेली आणि एक सुस्कारा टाकला. नेहमी गेलं, क्वचित आलं.

पुढच्या प्रश्नाला तेच. बोट आधी खऱ्याकडे जायचं, मग चिठ्ठीकडे नजर, मग ते बोट मागे यायचं. नऊ वेळा. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो वहिनी, ती चिठ्ठी फेका! पण मला तोंड कुठे आहे? माझ्याकडे नुसते प्रश्न आहेत, आणि तेही ठरलेले बावीस.

शेवटी तो जादा प्रश्न आला. फरक पडला आहे का? चिठ्ठीत याचं उत्तर नव्हतं, कारण पहिल्या वेळी हा प्रश्नच नव्हता. वहिनी थांबल्या. मी सगळी आशा त्या बोटावर लावली. तेवढ्यात दाराबाहेरून मावशींचा आवाज आला, "शेवटच्याला सगळ्यांनी फरक नाही दाबायचं बरं का!"

वहिनींनी तेच दाबलं. मग त्यांना ठसका लागला, त्या गुडघे जवळ घेऊन क्षणभर गच्च बसून राहिल्या आणि मला खुर्चीवर टाकून घाईनं बाहेर पळाल्या.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल की एवढं काय बिघडलं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं होतं. दुसऱ्या वेळच्या उत्तरांची बेरीज बघूनच त्या कोणाला लवकर बोलवायचं ते ठरवत होत्या. बेरीज जास्त आली तर त्याच आठवड्यात तपासणी. कमी आली तर छापील पत्र: घरी हे व्यायाम करा, सहा महिन्यांनी या. वहिनींच्या हातात पत्र पडलं.

त्यांनी ते दाराशी उभं राहून दोनदा वाचलं. "सहा महिने!" त्या मावशींना म्हणाल्या. "नको हो. मी आता दुकानच काढून टाकते. मशीन विकून टाकते आणि घरी बसते. निदान धावायला तरी लांब पडणार नाही."

"असं काय बोलता? बाविसाच्या बावीस बरोबर दाबलेत ना?"

"ते दाबले हो. ताईंचं चांगलं होऊ दे."

त्या दिवशी मावशींनी मला कपाटात हळूच ठेवलं. तेव्हाच मला शंका आली की त्यांच्या मनाला काहीतरी लागलंय.

आठवड्यानं निकाल. ताई काकांच्या खोलीत बिस्किटांचा पुडा घेऊनच गेल्या. पडद्यावर आकडा होता: एक. म्हणजे शंभरातले शंभर. ताईंनी आनंदानं काकांच्या फिरत्या खुर्चीला एक गिरकीच दिली. ताई हसत होत्या, मी टेबलावर गर्वानं फुगून बसले होते. फक्त काकांच्या तोंडावर हसू नव्हतं.

"पन्नास बायका," काका म्हणाले. "बावीस प्रश्न. अकराशे उत्तरं. अकराशेच्या अकराशे जुळली."

"हो ना!"

"ताई, मी माझ्या बायकोला चहा घेतेस का विचारलं, तर पाच मिनिटांत दोन वेगळी उत्तरं येतात. माणसं इतकी जुळत नाहीत. माझी बोटंसुद्धा इतकी जुळत नाहीत."

मग त्यांनी माझं पोट उघडलं. हो, मला पोट आहे आणि त्यात सगळं लिहिलेलं असतं: कोणत्या प्रश्नाला किती वेळ लागला, आधी काय दाबलं, मग बदलून काय केलं. कुठला प्रश्न बायकांना अवघड जातो ते कळावं म्हणून ही सोय. काकांनी आकडे खाली ओढले. पहिल्या वेळी सरासरी अठरा मिनिटं. दुसऱ्या वेळी तीन.

"ह्या कोण आहेत? वीस नंबर. बावीस प्रश्न अठ्ठावन्न सेकंदांत. वाचले कधी यांनी?"

मुख्याध्यापिका बाई. त्यांनी वाचलेच नव्हते, म्हणून दाखवले होते.

काका आणखी खाली गेले आणि सदतिसाव्या ओळीशी थांबले. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. नेहमी, पुसलं, क्वचित. नेहमी, पुसलं, क्वचित. बहुतेक वेळा, पुसलं, क्वचित. नऊ ओळी. ताईंच्या हातातलं बिस्किट चहात बुडवायला नेलेलं होतं, ते तसंच राहिलं आणि तुटून कपात पडलं.

"मावशींना बोलवा," ताई म्हणाल्या.

मावशींना काही विचारावंच लागलं नाही. चोराच्या मनात चांदणं. त्या आत आल्या आणि सगळं ओकून मोकळ्या झाल्या. चिठ्ठ्या, पाठांतर, तळहात, लग्नसुद्धा.

"कुणाचं लग्न?" काकांनी विचारलं.

"ते राहू द्या," ताई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, पण मावशींकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "मावशी, ज्यांच्यात फरक पडला त्यांचे फॉर्म मी नुसते बाजूला ठेवणार होते. माझं काहीसुद्धा बिघडणार नव्हतं. खरं सांगितलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं!"

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. दवाखान्यात त्यांना खुर्चीत बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "काहीच नव्हतं बिघडणार?" त्यांनी पुन्हा विचारलं. "मग त्या शिलाईवाल्या उगीचच... ताई, त्या मशीन विकतायत!"

मला ताईंच्या पिशवीत कोंबलं गेलं. पिशवीत एक डबा, दोन केळी आणि मी. काही दिसत नव्हतं, पण दोघींच्या चालण्यावरून कळत होतं की घाई आहे. बरा झालेला तो गुडघा मावशींनी त्या दिवशी वसूल केला.

दुकानात पोचलो तेव्हा एक मनुष्य मशीनसमोर वाकून पायटा दाबून बघत होता. "आवाज करतंय जरा," असं म्हणत होता, म्हणजे त्याला ते आवडलं होतं. वहिनी पलीकडे उभ्या होत्या आणि मशीनकडे बघत नव्हत्या.

मावशी सरळ आत शिरल्या आणि मशीनच्या स्टुलावर जाऊन बसल्या. "हे विकायचं नाहीये."

"तुम्ही कोण?" त्या माणसानं विचारलं.

"चूक माझी झालीय," मावशी म्हणाल्या. "मशीन यांचं आहे. या तुम्ही."

बिचारा गोंधळून गेला. ताईंनी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत होता. आधी मला वाटलं रागानं, मग कळलं की त्या हसू आवरत होत्या, कारण हसल्यावरही तेच होत होतं.

"म्हणजे मी खरं दाबलं असतं, तरी तुमचं लग्न..."

"अहो, माझं लग्न होऊन सतरा वर्षं झाली!"

मग वहिनी हसल्याच. हसता हसता ट्रायलच्या जागेमागच्या मोरीकडे पळाल्या. परत आल्या त्या डोळे पुसतच. हसण्यानं आलेलं पाणी कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, मला सांगता येणार नाही.

त्यांनी मला तिसऱ्यांदा भरलं ते ट्रायलच्या पडद्यामागे, स्टुलावर बसून. ताई दुकानाच्या पायरीवर बसल्या. मावशींना रस्त्यापलीकडे बसथांब्यावर उभं केलं होतं, तेही तोंड तिकडे करून. वहिनींनी तेच मऊ बोट वापरलं. चौथ्या प्रश्नाला त्या थांबल्या आणि पडद्याआडून विचारलं, "ताई, नेहमी दाबलं तर चालेल?"

"चालेल म्हणजे? त्याचसाठी तर आहे ती."

नेहमी. एकदाच दाबलं, पुन्हा पुसलं नाही. पुढचंही तसंच. फरक पडला आहे का? हो. माझ्या शेवटी एक रिकामी चौकट असते: आणखी काही सांगायचं आहे का? तिच्यात कोणी काही लिहीत नाही. फार तर "ताई स्वभावानं चांगल्या आहेत" एवढं. वहिनी त्या चौकटीशी अकरा मिनिटं बसल्या. त्यांना मोबाइलवर लिहायची सवय नव्हती. एकेक अक्षर शोधून, चुकलं की पुसून, त्यांनी एकच ओळ लिहिली.

"मला दुकान बंद करायचं नाही."

ताईंनी ती ओळ पायरीवर बसूनच वाचली आणि तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. परवाची वेळ मिळाली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. पन्नासही बायकांना परत बोलावलं. मुख्याध्यापिका बाई रागावल्या, कारण पाठ केलेलं विसरायला त्यांना तीन आठवडे लागले. या वेळी शंभरातले शंभर आले नाहीत, चौऱ्याऐंशी आले. काकांनी ते दोनदा मोजले आणि म्हणाले, "आता ही माणसांची उत्तरं वाटतात." मी कायम झाले. वहिनींच्या तपासण्या झाल्या, औषध झालं, ताईंनी व्यायाम शिकवला. सगळंच्या सगळं थांबलंय असं नाही. मोठा ठसका लागला तर अजूनही त्या गुडघे जवळ घेतात. पण त्या दिवसभर पाणी पितात आणि कमरेचं माप एका दमात घेतात.

आता माझं वय झालंय. टॅबच्या काचेवर एक तडा आहे, नेमका "कधीकधी"वरून गेलेला, त्यामुळे तिथे जरा जोरात दाबावं लागतं. मला एका तारेनं बाकाला बांधून ठेवलंय. मावशी म्हणतात चोरीच्या भीतीनं, मला वाटतं पडण्याच्या. खोटं बोललेलं मला अजूनही कळत नाही. जे दाबाल ते मी डोळे मिटून खरं मानते. माझा स्वभावच भाबडा आहे, त्याला काय करणार?

परवा वहिनी दाखवायला आल्या होत्या. बाकावर त्यांच्या शेजारी एक नवीन बाई मला मांडीवर घेऊन नुसतीच बसली होती. बोट पुढे नेत होती आणि मागे घेत होती.

"दाबा हो खरं काय ते," वहिनी तिला म्हणाल्या. "घाबरता कशाला? ही कुणाला काही सांगत नाही."

त्या बाईनं दाबलं. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण इथे मी तुम्हाला पहिल्यापासून सगळं सांगून बसले आहे. नाव मात्र एकीचंही घेतलेलं नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. तेव्हा हात जोडून एकच विनंती. मला हात नाहीत, तुम्हीच जोडलेत असं समजा. मी नाही राहिले गप्प, पण तुम्ही तरी राहा.